फेकण्याआधी मागचे झाकण उघडा



लोणची-पापडाचा आणि व्रतवैकल्यांचा विषय बाजूला ठेवून आज जरा वेगळे लिहिते आहे. माझे मत असे आहे, आणि ते मी कुणाशीही भांडून सांगायला तयार आहे, की आपल्या घरात 'बिघडली' म्हणून बाजूला पडलेल्या सेलवरच्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तू बिघडलेल्याच नसतात. मागचे झाकण उघडून पाहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे घरात कोणी देत नाही. मुलगा म्हणतो, आई, ऑनलाइन मागवू, उद्या येईल. यजमान म्हणतात, रविवारी बघतो. तो रविवार काही उगवत नाही आणि वस्तू खालच्या ड्रॉवरमध्ये जाते.

आणि हे काम आपले नाही असे आपल्याला का वाटते, हे मला कळलेले नाही. कुकरची रिंग आपण बदलतो, शिट्टीत अडकलेला डाळीचा कण टाचणीने काढतो, शिलाई मशीनची बॉबिन उघडून तेल घालतो. मग रिमोटच्या मागचा एवढासा स्क्रू कसा काय पुरुषांचा झाला?

भिंतीवरच्या घड्याळापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यांकडे आहे. घड्याळ एकदम बंद पडले तर बरे, निदान कळते तरी. त्रास देते ते मागे पडणारे घड्याळ. ज्या घरात वयस्कर माणसे मोबाईलकडे न बघता भिंतीकडे बघून सूर्यास्ताआधीचे जेवण उरकतात किंवा सामायिकाची ४८ मिनिटे मोजतात, तिथे दहा मिनिटे मागे पडलेले घड्याळ ही लहान गोष्ट नाही. सेल उतरू लागला की सेकंदकाटा जागच्या जागी थरथरतो, आणि बहुतेक वेळा तो नवाच्या आसपास अडकतो. कारण साधे आहे. तिथून काट्याला वर चढायचे असते आणि चढायला जोर लागतो. काटा नवापाशी थरथरताना दिसला की घड्याळ चांगले आहे, सेल संपत आला आहे, एवढे समजावे. नवा सेल घालूनही थांबत असेल तर काटे एकमेकांना किंवा काचेला घासत नाहीत ना ते पाहावे. घड्याळ पुसताना पडले असेल तर हमखास तसे होते.

घड्याळाला नवा कोरा सेल लागतोच असेही नाही. नातवाच्या मोटारीतून काढलेला, मोटार ओढत नाही म्हणून 'संपलेला' पेन्सिल सेल घड्याळात आणखी काही महिने सहज चालतो. मोटारीला एकदम भरपूर वीज लागते, घड्याळाला थेंबाथेंबाने. म्हणजे एकाच सेलची दोन आयुष्ये झाली. आमच्याकडे हाच क्रम आहे, आधी खेळणे किंवा टॉर्च, मग रिमोट, शेवटी घड्याळ. फक्त असा वापरलेला सेल घालताना त्यावर पेनाने तारीख लिहावी आणि मधूनमधून उघडून बघावे, कारण जुना सेल पाझरतो. पाझरण्याविषयी मी पुढे सविस्तर सांगणार आहे, कारण खरे नुकसान तिथेच होते.

रिमोट चालत नसेल तर पहिली चाचणी मोबाईलने करा. मोबाईलचा कॅमेरा सुरू करायचा, रिमोटचे पुढचे टोक त्याच्यासमोर धरायचे आणि बटण दाबायचे. डोळ्यांना न दिसणारा रिमोटचा प्रकाश पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका होऊन लुकलुकतो. काही मोबाईलचा मागचा कॅमेरा तो प्रकाश गाळून टाकतो, म्हणून दिसले नाही तर पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा. ठिपका दिसला तर रिमोट ठीक आहे आणि खोट टीव्हीकडे आहे. आता काही नवे रिमोट ब्लूटूथवर चालतात, त्यांचा ठिपका फक्त चालू-बंदच्या बटणाला दिसेल किंवा दिसणारही नाही, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नका. ठिपका नसेल तर सेल काढा, दहा-पंधरा सेकंद कुठलीही बटणे दाबत राहा म्हणजे आत अडकून राहिलेली वीज निघून जाते, आणि मग सेल पुन्हा घाला. एवढ्याने किती रिमोट जागे होतात हे बघून तुम्ही हसाल.

आता झाकणाच्या आत. सेलच्या दोन्ही टोकांना ज्या पत्र्याच्या पट्ट्या आणि स्प्रिंगा टेकतात, त्या मळलेल्या असल्या तर सेल कितीही नवा घाला, वीज पुढे जात नाही. पट्टी नुसती काळपट झाली असेल तर मुलांच्या कंपासपेटीतले खोडरबर घेऊन घासा. स्प्रिंग दबली असेल तर चिमट्याने हलकेच ओढून वर काढा. पण आत पांढरी बुरशीसारखी पूड जमलेली दिसली तर ती बुरशी नाही, सेल पाझरला आहे. हातमोजे घाला, पिशवी गुंडाळलीत तरी चालेल, पण त्या हाताने डोळ्याला स्पर्श करू नका आणि ती पूड फुंकून उडवू नका.

हे साफ करायला कुठल्या सेलने घाण केली ते पाहावे लागते. सेलवर 'अल्कलाईन' असे छापलेले असेल तर त्यातून पाझरणारा द्रव क्षारीय असतो, आणि त्याला उतारा आंबटाचा. इंटरनेटवर सगळीकडे व्हिनेगर सांगतात. आपल्यापैकी अनेकींच्या घरात ते येतच नाही. काही अडत नाही, लिंबाचे दोन थेंब तेच काम करतात. काडीला कापूस गुंडाळून लिंबाच्या रसात किंचित भिजवायचा आणि पूड पुसायची, थोडासा फेस येईल. स्वस्तातले साधे सेल, म्हणजे ज्यांवर अल्कलाईन असे लिहिलेले नसते ते, पाझरले तर तो द्रव आम्लाकडे झुकणारा असतो. त्याला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा. नंतर दोन्हींमध्ये ओलसर फडक्याने पुसून घ्यायचे, कारण लिंबू तसेच राहिले तर तेच पट्टी खाते. मग पूर्ण वाळू द्यायचे, निदान एक रात्र. घाईने ओल्यात सेल घातला तर सगळी मेहनत पाण्यात. हिरवा-निळा थर चढलेल्या पट्टीलाही लिंबूच. पट्टी पार गळून पडली असेल तर मात्र ते दुकानातल्या माणसाचे काम, आपले नाही.

सेल पाझरायचे मुख्य कारण आपण स्वतःच घरात तयार करतो. एक नवा, एक जुना अशी जोडी लावतो. दोनांपैकी जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून उलटी वीज ढकलत राहतो आणि जुना फुटतो किंवा पाझरतो. म्हणून बदलायचे तर दोन्ही बदला, आणि एकाच जातीचे घाला. सहा महिने न लागणाऱ्या वस्तूतले सेल काढून ठेवा. सणापुरती बाहेर येणारी सेलवरची दिव्यांची माळ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. माळ पेटीत जाते, सेल आतच राहतात, आणि पुढच्या वर्षी पेटी उघडली की पांढरे सगळे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते, तिच्याविषयी कुठल्याही दुरुस्तीच्या पुस्तकात वाचायला मिळणार नाही. आमच्या सांगलीकडच्या ओल्या दिवसांत बारीक मुंग्यांना रिमोटची आणि घड्याळाची पेटी फार आवडते. कोरडी, अंधारी, उबदार जागा. झाकण उघडल्यावर आत मुंग्या किंवा त्यांची अंडी दिसली तर सॅनिटायझर ओतायची घाई करू नका. सेल काढा, वस्तू उघडी करून अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या सावलीच्या कोपऱ्यात एखाद्या कागदावर ठेवून द्या. उजेड आणि वारा लागला की त्या स्वतःच बिऱ्हाड हलवतात, अंडीही घेऊन जातात. दोन-तीन तास द्या, वाटल्यास रात्रभर. राहिलेल्या एखाद-दुसरीला मऊ ब्रशने अलगद उतरवा. आपली वस्तू एक दिवस उशिरा चालली तर काही बिघडत नाही. आणि हो, डास मारायच्या बॅटविषयी मी काहीच लिहिणार नाही, ती आपल्या घरात नसतेच.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे हा लेख लिहायला बसले ती सांगते, कानाचे मशीन.

आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या आई, वय ८१. दशलक्षण पर्वात दहाही दिवस प्रवचनाला येणाऱ्या, तत्त्वार्थसूत्राचे वाचन चालू असले की मान डोलावणाऱ्या. गेल्या वर्षी त्या मागच्या रांगेत बसू लागल्या, मग मधूनच उठून घरी जाऊ लागल्या. घरातली माणसे हलक्या आवाजात बोलू लागली की आता त्यांना कळत नाही, विसरायला होते, विचारले एक तर उत्तर दुसरेच देतात. कानाचे मशीन होते, पण 'त्याचा आता उपयोग होत नाही' असे सगळ्यांनी ठरवून टाकले होते. दुकानात दाखवले तर तिथल्या माणसाने हे जुने झाले, नवे घ्या, असे सांगितले. नव्याची किंमत ऐकून जाऊबाईंनी तो विषय पुढच्या महिन्यावर टाकला, मग त्याच्या पुढच्या.

मी ते मशीन हातात घेऊन उजेडात धरले. कानात जाणाऱ्या टोकाच्या भोकात मळ घट्ट बसला होता. मशीनच्या डबीत एक चिमुकला ब्रश येतो, तो अजून पाकिटातच होता. टोक खाली धरून ब्रशने मळ झाडला, त्याच्या टोकाची छोटी जाळी बदलली, तीही डबीत जादा दिलेली असते. मग सेल. हे सेल हवेवर चालतात. त्यांच्या पाठीवर रंगीत चिकटपट्टी असते, ती काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि मगच वीज तयार होऊ लागते. पट्टी काढल्याबरोबर सेल मशीनमध्ये कोंबायचा नसतो. काही मिनिटे तसाच टेबलावर ठेवायचा, मी पाच मिनिटे ठेवते. घरात सगळे पट्टी काढून लगेच घालत होते आणि सेल अर्धवटच काम करीत होता. एवढे करून मशीन त्यांच्या कानात घातले. त्यांनी छताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा पंखा एवढा वाजतो होय?"

त्यांना कळत नव्हते असे नाही हो, त्यांना ऐकू येत नव्हते. आणि त्या दोहोंमध्ये ब्रशच्या चार फटकाऱ्यांएवढेच अंतर होते. मला राग त्या दुकानाचा फारसा आला नाही, नवे विकणे त्यांचा धंदाच आहे. राग याचा आला की एका माणसाला आपण सगळ्यांनी मिळून 'म्हातारी' करून टाकले, आणि डबीत ब्रश पडून होता.

तुमच्या घरी असे मशीन असेल तर एवढे करा. चिकटपट्टीचा रंग लक्षात ठेवा, तो सेलचा आकार सांगतो. पिवळा म्हणजे १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. दुकानात नुसता रंग सांगितला तरी चालतो. रोज रात्री मशीन काढल्यावर सेलचे दार उघडे ठेवा, म्हणजे घामाची आणि हवेची ओल निघून जाते. पावसाळ्यात सुकवण्याच्या पुड्या घातलेल्या डबीत ठेवा. आवाज आत घेणाऱ्या भोकात टाचणी घालू नका. पट्टी पुन्हा चिकटवली म्हणून सेल वाचत नाही, एकदा उघडला की तो उतरतच जातो, म्हणून लागेल तेव्हाच उघडा. चार्जिंगवर चालणारे मशीन असेल तर ज्या टिकल्या चार्जरला टेकतात त्या कोरड्या कापसाने पुसा. एवढे करूनही ऐकू आले नाही तर जरूर डॉक्टरांकडे जा, कारण कधी कधी मळ मशीनमध्ये नसून कानात असतो.

बीपीच्या मशीनचेही तसेच आहे. सेल उतरले की ते पट्टा फुगवायला सुरुवात करते आणि मध्येच दम टाकते, किंवा चुकीची खूण दाखवते. घरातले लगेच घाबरतात, मशीनवरही अविश्वास दाखवतात. आधी चारही सेल एकदम बदला, मग बोला. वजनाच्या काट्यावर 'लो' अशी अक्षरे आली तर ती सेलचीच तक्रार आहे, पिठाची नाही.

सेल जिवंत आहे की नाही हे ओळखायची एक गंमत सांगते. अल्कलाईन सेल टेबलावर उभा धरून दोन-तीन सेंटिमीटरवरून सोडा. ताजा सेल धप्पकन बसतो, वापरलेला टुणकन उडतो. आतली जस्ताची ओलसर लगदी वापराने घट्ट होत जाते म्हणून असे होते. पण उडणारा सेल संपलेलाच असतो असे समजू नका, अर्धा उतरलेलाही तेवढाच उडतो. त्याला घड्याळात पाठवा. साध्या सेलला ही परीक्षा लागू नाही. नेमके हवे असेल तर दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन ठेवा, मी घेतला आहे आणि महिला मंडळात तो फिरत असतो. नवा अल्कलाईन सेल दीड व्होल्ट किंवा थोडे जास्तच दाखवतो. एकाच्या खाली गेला की त्याला निरोप. चार्ज करायचे सेल मात्र भरलेले असतानाही १.२ च्या आसपासच असतात, त्यांना उगीच फेकू नका.

आपल्या लहानपणी ट्रान्झिस्टरचे सेल उन्हात खिडकीवर रांगेने मांडलेले असायचे, आठवते? उबेने आतली क्रिया जरा जलद होते, म्हणून एक-दोन दिवस आकाशवाणी पुन्हा ऐकू यायची. सेल भरत मात्र नाही. तेव्हा ते ठीक होते, आता ते करू नका, ऊन लागलेला सेल लवकर पाझरतो. साधा सेल चार्जरमध्ये घालणे तर त्याहून वाईट, तो फुटू शकतो.

मी धीट आहे म्हणून सगळेच उघडा असे म्हणत नाही. मोबाईल, पॉवर बँक, ट्रिमर यांत लिथियमची बॅटरी असते. तिचे पोट फुगलेले दिसले तर घरगुती उपाय नाही. चार्जिंग थांबवा, टोचू नका, दाबू नका, दुकानात नेऊन द्या. मोबाईल चार्ज होत नसेल तर फोन बंद करून चार्जिंगच्या भोकातला खिशाचा कचरा लाकडी दातकोरणीने हळूच काढता येतो, तेवढेच आपले.

आणि बटण सेल. हे लिहिताना मी हसणार नाही. टीव्हीच्या छोट्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, गाडीच्या चावीत, गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, खेळण्यात हा चकचकीत गोल सेल असतो. सर्वात जास्त दिसणारा सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकायला अगदी मापाचा. अडकला की त्याच्या विजेने ओल्या त्वचेत क्षार तयार होतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजते. 'संपलेला' सेलसुद्धा हे करू शकतो. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, शी होऊन पडेल म्हणून वाट पाहू नका, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. जिथे एक्स-रे निघतो त्या रुग्णालयात तडक जा आणि सेलचे पाकीट सोबत न्या. ज्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते खेळणे कुणी भेट दिले तरी घरात ठेवू नका, मग देणारी नणंद का असेना.

राहता राहिला तो खालचा ड्रॉवर. परिग्रह-परिमाण घेताना आपण साड्या मोजतो, दागिने मोजतो. त्या ड्रॉवरमधली तीन बंद घड्याळे, दोन टॉर्च आणि कुठल्याशा रिमोटांचा ढीग कुणी मोजते का? माझ्या मते तोही परिग्रहच आहे, आणि निरुपयोगी असल्यामुळे जास्तच. एका दुपारी सगळे बाहेर काढा. जागे होईल ते वापरा किंवा ज्याला गरज आहे त्याला द्या. होणार नाही ते ई-कचऱ्यात.

संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार सर्व प्रकारच्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून गोळा करणाऱ्याकडे द्यायच्या असतात. पुष्कळ सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, ते यासाठीच. नियमाचे सोडा, आपल्या मुनींच्या पाच समितींमध्ये टाकून द्यायची वस्तू कुठे आणि कशी टाकावी यासाठी एक वेगळी समिती आहे. उत्सर्ग समिती लहानपणी पाठशाळेत पाठ केली तेव्हा बटण सेल नव्हते, पण सेल मातीत गेल्यावर त्यातले धातू कुठे झिरपतात आणि तिथे काय काय जगते हे आपल्याला कुणी वेगळे समजावायला नको.

आमच्या मंडळाने एक काचेची बरणी ठेवली आहे. ज्याची-त्याची आपापली टोके चिकटपट्टीने झाकून सेल त्यात टाकायचे, विशेषतः बटण सेल आणि नऊ व्होल्टचे चौकोनी सेल, कारण ते एकमेकांना टेकले तर तापतात. बरणी भरली की आमच्यातली एक जण शहरातल्या ई-कचरा केंद्रात नेऊन देते. बरणी मंदिराच्या कार्यालयात कपाटाच्या सर्वात वरच्या फळीवर आहे, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशी. तुमच्या गावी असे काही सुरू केलेत तर मला जरूर कळवा, आणि कानाच्या मशीनचे त्या आधी.